मिंदलाचं नाव

"मिंदला मीच वाचणार," पोलाबाई ठणकावून म्हणाल्या. "दरवर्षी मीच वाचते."

"या वर्षी बोगना वाचेल," वाचनालयाच्या ग्राझिनाबाई म्हणाल्या. "तुम्ही डॉक्टर लेवितांचं नाव घ्या की. केवढा मोठा माणूस!"

"असेल मोठा. मी काय ओळखते त्याला?"

पोलंडमधल्या या गावाबाहेर, पाइनच्या रानात स्मारकाचा एक दगड आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गावातले सगळे ज्यू इथेच आणून मारले आणि एका खड्ड्यात पुरले. इतकी नावं कोरायला दगड पुरला नाही, म्हणून दर सप्टेंबरात ती वाचायची पद्धत पडली. ज्याच्या वाट्याला जे नाव येईल, ते त्याने माइकसमोर वाचायचं आणि मेणबत्ती लावायची. लोक खाली मान घालून, हळू आवाजात वाचतात. पोलाबाई तेवढ्या "मिंदला वाक्स!" असं काही म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, आता या बाई मिंदलाला कान धरून पुढे ओढणार. मेणबत्तीही त्या ठेवत नाहीत, आदळतात. परतताना मग लहानपणीची, गावाला पाठ झालेली तक्रार सुरू होते. मिंदला एक नंबरची खोटारडी. नेहमी रडीचा डाव खेळायची. पोलाबाईंची लाल रिबीन तिने ढापली आणि वर तोंड करून म्हणाली, माझीच आहे.

"अहो, एवढा राग आहे तर तिचंच नाव कशाला हवं?" बोगनाने चिडवलं. ही औषधवाल्याची बायको. चर्चमध्ये गाते, आणि गळा इतका गोड की बोलणी खाणाऱ्यालासुद्धा बरं वाटावं.

"तू वाचलंस तर ती गुणी होईल ना गं," पोलाबाई म्हणाल्या. "इथे ज्याचं नाव वाचलं तो सज्जन झालाच. सगळे सोज्वळ, सगळे एकासारखे एक. मिंदला तशी नव्हती. आणि हे सांगणारी आता मी एकटीच उरले आहे."

ग्राझिनाबाईंना वाईट वाटलं, पण त्यांचाही नाइलाज होता. या वर्षी मिंदलाचा धाकटा भाऊ हेर्श इस्राएलमधल्या हाइफाहून येणार होता. चार वर्षांचा असताना त्याला एका शेतकरणीने लपवलं, म्हणून घरातला तो एकटा वाचला. अशा माणसासमोर त्याच्या बहिणीवर कुणी खेकसलं, तर गावाची काय शोभा राहिली असती?

"तुम्ही मागच्या रांगेत बसा," त्या म्हणाल्या. "आणि देवाशपथ, गप्प बसा."

हेर्श वाक्स आला तो वाळका, लांब हातांचा म्हातारा. पोलिश तो केव्हाच विसरला होता. सोबत एक दुभाषी मुलगी होती. वडिलांचं नाव झालं, आईचं झालं. तो टोपी सावरत ऐकत होता. एखाद्या परक्याच्या अंत्यविधीला यावं लागल्यासारखा तो अवघडून उभा होता. मग बोगना पुढे आली.

"मिंदला वाक्स. वय वर्षं नऊ. देवदूतांच्या अंगणातलं एक निष्पाप फूल."

हे फूल तिने पदरचं घातलं होतं.

"फूल? कसलं डोंबलाचं फूल!" मागच्या रांगेत पोलाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "खोटारडी होती ती! चोर होती! माझी रिबीन न देताच गेली, मेली!"

तोंडातून गेलेला तो शेवटचा शब्द त्यांच्या त्यांनाच ऐकू आला. त्या थबकल्या.

ग्राझिनाबाईंनी डोळे मिटून घेतले. दुभाषी मुलगी भाषांतर करेना. म्हाताऱ्याने तिला कोपराने ढोसलं, तेव्हा तिने अडखळत, मान खाली घालून सगळं सांगितलं. त्याने झटकन वर पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मुलगी गोंधळली. तिने त्याला ते पुन्हा विचारायला लावलं.

"मला नीट कळलं नसेल कदाचित," ती पोलाबाईंना म्हणाली, "पण ते विचारताहेत, ती तुम्हालाही चावायची का?"

पोलाबाई माणसं बाजूला सारत पुढे आल्या. त्यांनी कोटाची बाही वर केली आणि हात त्याच्या नाकासमोर धरला. मनगटाच्या जरा वर दातांची पुसट पांढरी खूण होती.

म्हाताऱ्याने त्या खुणेवरून बोट फिरवलं. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला रडू आवरेना. मग तो बोलला. मुलीने त्याचा एकेक शब्द सांगितला.

"आई आठवत नाही. वडील आठवत नाहीत. मला फक्त चावणारी एक मुलगी आठवते. आणि आजवर सगळे म्हणत आले, ती तू स्वप्नात पाहिली असशील."