उशीला काय म्हणतात

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी टेबलावर पांढरीशुभ्र उशी ठेवली आणि विचारलं, "पिलो. स्पॅनिशमध्ये?"

"कुचारा," धाकटी ठणकावून म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग टॉवेल पुढे केला. "सेबोया." खोलीची किल्ली दाखवली. "सापातो." धाकटीची गाडी सुसाट निघाली होती. हॉटेलच्या परदेशातल्या शाखेत खोल्या आवरायला एकच बाई हवी होती, आणि ती जागा आपल्या पदरात पडल्यातच जमा, असं तिला वाटत होतं.

शेजारी बसलेल्या मॅनेजरला हसू आवरेना. "म्हणजे पाहुण्यांनी चमच्यावर डोकं ठेवून झोपायचं, अंघोळ झाली की कांद्यानं अंग पुसायचं, आणि दार बुटानं उघडायचं!"

धाकटीचे कान तापले. पण राग आला तो त्यांचाच. "साहेब, तुमचंच काहीतरी चुकतंय. माझ्या ताईनं शिकवलंय मला. तुमच्याच हॉटेलात कामाला आहे ती. सहा वर्षं तिकडे राहून आलीय, याच कामावर."

"आधी विचारलेलं पाणी, दार, धन्यवाद, ते अगदी बरोबर होतं," बाई जरा मवाळ आवाजात म्हणाल्या. "खोलीतल्या वस्तू तेवढ्या चुकल्या. सगळ्याच." त्यांनी उशी उचलून बाजूला ठेवली. "पुढच्या बाईंना पाठवा."

धाकटी जिना चढू लागली. लिफ्टची वाट पाहायचंही तिला सुचलं नाही. रोज संध्याकाळी भांडी घासून झाली की दोघी बहिणी समोरासमोर बसायच्या. ताई इंग्रजी शब्द टाकायची, धाकटी स्पॅनिश परत करायची. अडखळली की ताई लटकं रागवायची, "नीट घोक गं, माझं नाक कापशील तिथं!" दुसऱ्या कुणाला विचारायचं धाकटीच्या मनातही आलं नव्हतं. काखेत कळसा असताना गावाला वळसा कोण घालतं? एखादा शब्द माणूस विसरतो, कबूल. पण उशी, टॉवेल, किल्ली? ज्या वस्तू ताईनं सहा वर्षं रोज हाताळल्या, नेमक्या त्याच?

तिसऱ्या मजल्यावर ताई पलंगावरची चादर काढत होती. "काय गं, झाली निवड?" तिनं विचारलं, पण मान वर केली नाही.

धाकटीनं उशी उचलून तिच्यासमोर धरली. "ही काय?"

ताई चादर गोळा करत राहिली.

"सांग ना."

"आल्मोआदा," ताई हळूच म्हणाली. जराही आठवावं लागलं नाही तिला.

धाकटी गादीवर बसली. ताई विसरली असेल, एवढी एक आशा होती, तीही गेली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारी सख्खी बहीण.

"तू गेली असतीस तर परत आली नसतीस," ताई चादरीचं बोचकं छातीशी धरून म्हणाली. "आई गेल्यापासून मला दुसरं आहे कोण?"

"मग जाऊ नकोस म्हणायचंस! मी भांडले असते, रडले असते. कदाचित राहिलेही असते. लोकांसमोर माझं हसं कशाला केलंस?"

ताई बोचक्याची गाठ उगाच सोडत आणि बांधत राहिली.

धाकटीनं मनगटानं डोळे पुसले. "टॉवेलला काय म्हणतात?"

"तोआया."

धाकटी थोडा वेळ थांबली. "किल्लीला?"

"यावे."

ती पुन्हा थांबली. तिनं मांडीवर मोबाईल उघडून ठेवला होता. ताईच्या तोंडून शब्द आला की ती तो मोबाईलवर शोधायची, बरोबर निघाला की मगच पुढचा विचारायची.

"अगं, आता खरं सांगतेय मी," ताई काकुळतीला येऊन म्हणाली.

"तू सांग," धाकटी मान वर न करता म्हणाली. "मी बघते. साबण?"