ओल्या लॅकरचं पुरळ

यांगझोऊच्या आमच्या घरातला झाडाच्या चिकापासून केलेल्या लाल लॅकरचा कोरीव, घडीचा लाकडी पडदा आजेसासऱ्यांच्या आजोबांना साठीला मिळालेला. बिजागऱ्या ढिल्या झाल्या म्हणून लॅकरच्या कारखान्यात दिला होता. आज सकाळी माझा नवरा तो घेऊन आला. चहाच्या वेळी थोरल्या जाऊबाईंनी बाही वर सारली. कोपरापर्यंत लालभडक पुरळ! "सकाळी पडदा पुसला फक्त. जुनं लॅकर कधी चावतं का? चावतं ते ओलं, नवं! भावजींनी अस्सल विकून नक्कल आणलीय." मी नवऱ्यापासून जराशी सरकून बसले. लॅकरवाल्यांच्या घरात वाढलेल्या सासूबाईंनी जाऊबाईंचा हात उजेडात धरला. "नक्कल असेलही. पण वेनशियू, ओलं लॅकर आज लागलं की पुरळ परवा उठतं गं." जाऊबाई हात सोडवू लागल्या. सासूबाईंनी सोडला नाही. "म्हणजे परवा लागलं. परवा तर तू माहेरी जाते म्हणून गेली होतीस. मग त्या कारखान्यात कशी पोचलीस?"