कुलपाआडची मदत

आईला सांभाळायला कोणी मिळेल का, असं विचारून मी थकले होते. तिला आता माझंही नाव आठवत नव्हतं. दादा फोनवर नुसतं "बघू" म्हणायचा. ठेवलेली बाई दोन दिवसांत पळाली. नोकरी सोडून चालणार नव्हतं, म्हणून बाहेरून कुलूप लावून जायचे आणि दिवसभर जीव टांगणीला.

एका संध्याकाळी कुलूप उघडलं, तर आईची घट्ट वेणी घातलेली. तिचे हात तर खांद्याच्या वर जातच नव्हते.

"कोणी घातली गं?"

"ती येते ना. भरवतेसुद्धा."

दुसऱ्या दिवशी नखं कापलेली, चादर बदललेली. कुलूप जसंच्या तसं होतं.

शेजारीण म्हणाली, "बाई गं, घर सोड."

सोडून जाऊ कुठे? भीती वाटत होती, पण त्याहून जास्त दमले होते. कामावरून आले तशीच आईच्या खोलीत उभी राहिले आणि ठणकावून म्हणाले, "कोण आहेस ते सांगू नकोस. पण रविवारीही येत जा. मलाही झोप हवी आहे."

आई माझ्या मागे बघून हसली. "हो म्हणतेय."

आणि माझ्या खांद्यावरची पर्स कोणीतरी हलकेच उतरवून घेतली.