जमलं तर मिटवा

तर झालं काय, 'भांडण मिटवल्याशिवाय देवासमोर येऊ नका' ही शिकवण आजकाल कुणाला झेपत नाही, असं चर्चच्या पंचमंडळींनी पास्टरना बजावलं. जरा सौम्य घ्या, नाहीतर बाकं रिकामी पडतील! पास्टर बिचारे घाबरले आणि रविवारी सांगून मोकळे झाले, "जमलं तर मिटवा, नाही जमलं तरी या!" सगळे खूश! पण उपासना संपते न संपते तोच दोन जावा तणतणत पास्टरांच्या खोलीत घुसल्या.

"हे आधी नाही का सांगायचं? अकरा वर्षांचा अबोला मोडून कालच गेले ना मी हिच्या दारात, नाक मुठीत धरून!" थोरली कडाडली.

"आणि मी हिला चहा दिला," धाकटी म्हणाली, "तोही साखर घालून!"

पास्टरांनी चाचरत विचारलं, "म्हणजे आता... पुन्हा अबोला?"

"छे हो! अकरा वर्षांच्या गप्पा तुंबल्यात आमच्या!" थोरलीने धाकटीचा हात धरला. "पण पुढच्या रविवारी आमची मधली जाऊ येतेय, तिचा आमच्याशी अबोला अजून तसाच आहे. तिच्यापुरतं तेवढं जुनंच सांगा, चांगलं कडक!"