परसाकडची सोबत

कोंडाबाईंनी चहाला हात लावला नाही आणि सोपानरावांच्या हॉलमध्ये सगळ्यांचे चेहरे उतरले. चहाच काय, साधं पाणीसुद्धा त्यांनी नको म्हटलं. पोहे तसेच गार झाले. मुलगी बघायला आलेलं वडील माणूस पाणीही घेत नाही म्हणजे काय, हे रहाटणीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. स्थळ हातचं गेलं!

आणि गेलं तर सोपानरावांच्या लेकीनं, अपेक्षानं काय करायचं? ती आणि समर्थ चाकणच्या एकाच कंपनीत. दोन वर्षांपासून दोघांचं ठरलेलं. त्याचे आईवडील कुरुळीहून आले होते, ते खुशीनं राजी होते. घोडं अडलं होतं ते समर्थच्या आजीपाशी. कोंडाबाई लातूरकडच्या गावाहून मुद्दाम कालच आल्या होत्या आणि त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात पान हलत नव्हतं.

सोपानरावांच्या आई, मंजुळाबाई, कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या. तसं सकाळीच ठरलं होतं. सून जयमालानं त्यांना बजावलं होतं, "आत्याबाई, पाहुण्यांसमोर ते संडास-बिंडास काढू नका. वॉशरूम म्हणायचं." मंजुळाबाईंना हसूच आलं. त्या नांदायला आल्या तेव्हा बायका ओढ्याकडं, परसाकडंला जायच्या. मग घराला संडास आला. पुढं तेही नाव घाण वाटायला लागलं, म्हणून लोक बाथरूम म्हणू लागले. अंघोळ नसली तरी बाथरूम! मग टॉयलेट झालं. आता वॉशरूम. "अगं, नाव किती येळा धुशील?" असं त्या म्हणाल्या होत्या, पण जयमालाचा चेहरा बघून पुढचं गिळलं होतं.

आता त्या कोंडाबाईंकडं टक लावून बघत होत्या. पाहुणी सारखी मांडी बदलत होती. ओठ सुकले होते. मघाशी जयमालानं हौसेनं सगळं घर दाखवलं, वॉशरूमचं दारही उघडून दाखवलं. आतला पांढराशुभ्र कमोड बघून कोंडाबाईंनी पदर सावरला होता आणि तेव्हापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मंजुळाबाईंना एकदम उमगलं. पिंपळे सौदागरला भाचीच्या फ्लॅटमध्ये त्यांनी स्वतः असाच अख्खा दिवस कोरडा काढला होता. त्या खुर्चीवर बसून काही होत नाही, आणि परक्या घरात सांगायचं तरी कुणाला?

"निघावं आता," कोंडाबाई म्हणाल्या. अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मंजुळाबाई उठल्या. "थांबा वो, पाव्हणीबाई," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला परसाकडं जायाचंय. जोडीला चला की!"

जयमालानं कपाळाला हात लावला. सोपानराव उगाच पंख्याकडं बघू लागले. कोंडाबाई मात्र ताडकन उठल्या.

दोघी लिफ्टनं खाली उतरल्या. इमारतीमागं, पूर्वी गोठा होता तिथं, उकिडवं बसायचा जुना संडास अजून उभा होता. पार्किंगसाठी तो पाडायचं सोपानरावांच्या मनात कधीचं होतं. "मी मेल्यावर पाड," असं सांगून मंजुळाबाईंनी तो वाचवला होता. आज तो पाहुण्यांना दिसू नये म्हणून जयमालानं दारापुढं कुंड्या मांडल्या होत्या. मंजुळाबाईंनी त्या पायानं बाजूला सारल्या, बादली भरून दिली आणि बाहेर पाठ करून उभ्या राहिल्या.

पाठ करून उभं राहायचं आणि बोलत राहायचं, ही ओढ्याकडची जुनी रीत. सासूची गाऱ्हाणी, माहेरच्या आठवणी, सगळं तिथंच निघायचं. पुरुषांच्या बैठकीत सुपारी फुटायच्या आधी कितीतरी सोयरिकी बायकांनी तिथंच पक्क्या केलेल्या असायच्या.

"पोरगी तापट हाय का?" आतून आवाज आला.

"हाय की! पन मनात काय ठेवत न्हाई. तुमचं पोरगं?"

"लई मऊ हाय बाई. त्याला आशीच पायजे."

मग स्वयंपाक कोण करतं, कंपनीच्या शिफ्टा कशा असतात, रुसवा किती दिवस टिकतो, सगळं विचारून झालं. कोंडाबाई हातपाय धुऊन बाहेर आल्या. चेहरा कसा मोकळा झाला होता.

"जावा आता तुमी. म्या हुबी ऱ्हाते."

"मला कुठं लागली हुती?" मंजुळाबाई म्हणाल्या.

कोंडाबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी मंजुळाबाईंचा हात धरला, तो लिफ्टमध्येही सोडला नाही.

वर सगळे तसेच बसले होते. अपेक्षा मान खाली घालून गार झालेले कप ट्रेमध्ये गोळा करत होती. कोंडाबाई सोफ्यावर ऐसपैस मांडी घालून बसल्या.

"नातसूनबाई," त्या म्हणाल्या, "आदी तांब्याभर पानी आन. मग च्या टाक, पेला भरून!"