चौथी पायरी

माणसाच्या आवाजात जो सच्चेपणा असतो तो जगातल्या कुठल्याही ईमेलमध्ये सापडायचा नाही. तेव्हा आजपासून आपलं सगळं काम फोनवर चालेल, असं शिड्यांच्या कारखान्याचे मालक सोमवारी सकाळी म्हणाले. अर्थात फोनवर म्हणाले. एकेकाला. एकोणतीस माणसांना हे सांगता सांगता बुधवार उजाडला आणि साहेबांचा आवाज पार बसला. शेवटचा नंबर वॉचमनचा होता. त्याला नुसती घरघर ऐकू आली. ‘लाइन खराब आहे’ म्हणून त्यानं दोनदा फोन ठेवला. तिसऱ्यांदा उचललाच नाही.

“लिहून द्यायचं नाही, म्हणजे उद्या कानावर हात ठेवायला मोकळे,” कुलूपकाका म्हणाले. कुलूपकाका स्टोअर सांभाळत. स्वतःच्या जेवणाच्या डब्यालाही ते कुलूप लावत, त्यामुळे संशयाच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला कारखान्यात वजन होतं. गुरुवारपासून साहेबांचा फोन वाजला की जो तो आधी साक्षीदाराला हाक मारू लागला. डिस्पॅचवाला तर साहेबांचं वाक्य न् वाक्य ओरडून परत म्हणे. “ट्रक चारला काढायचा म्हणताय! तुम्ही म्हणताय!” पार रंगाच्या शेडपर्यंत ऐकू जाई.

शुक्रवारी दुपारी चारला दहा कमी असताना तपासणीच्या खोलीतला फोन वाजला. टेबलावर नव्या लॉटचा कागद होता. एकशे चाळीस शिड्या. त्या बाहेर ट्रकात चढल्याही होत्या, फक्त कागदावर तपासणीच्या बाईंची सही व्हायची होती. बाईंनी त्यातल्या बारा शिड्या तपासल्या होत्या. नऊ शिड्यांची चौथी पायरी हातानं गोल फिरत होती.

बाईंनी खूण केली. कुलूपकाका आणि डिस्पॅचवाला पाय न वाजवता आत आले. मग बाईंनी स्पीकर चालू केला.

“बाई, ट्रक अजून दारात का?”

“चौथ्या पायरीची रिव्हेट सैल आहे, साहेब. सही करू का नको?”

“तुम्हाला योग्य वाटेल ते करा. पण ट्रक चारला निघाला पाहिजे.”

“म्हणजे करू?”

“असं मी म्हटलं का?”

“मग नको करू?”

“तसंही मी म्हटलेलं नाही.” साहेब थांबले. “तुमच्याजवळ कोण आहे?”

“कुणी नाही.”

नेमके कुलूपकाका शिंकले.

“मला सर्दी झालीय,” बाई म्हणाल्या.

“पुरुषासारखी?”

“सर्दीनं आवाज घोगरा होतो, साहेब. बुधवारी तुमचा नव्हता का झाला? तुमच्याजवळ कोण आहे?”

“मी एकटाच आहे.”

“एवढंच बोला, पुढं काही नको,” साहेबांच्या मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

“हे कोण?”

“रेडिओ.”

डिस्पॅचवाल्यानं तोंडात रुमाल कोंबला. बाई मात्र हसल्या नाहीत. ट्रकाचं इंजिन सुरू होतं, त्यानं खिडकीची काच थरथरत होती. सही त्यांची होती. उद्या कुणी पडलं की कागद निघणार, आणि त्या कागदावर साहेबांचा आवाज काही उमटलेला नसणार.

“साहेब, माझा धाकटा भाऊ रंगारी आहे. दिवसभर शिडीवरच असतो.”

“मग तर त्याला सवय असेल.”

“पायरी फिरते हो!”

“फिरते म्हणजे पडते असं नाही. मी स्वतः काल हलवून पाहिली.”

“हलली ना?”

“लवचिक आहे. तुम्ही लोक उगाच शंका काढता. इतकी उत्तम शिडी या कारखान्यातनं आजवर बाहेर पडलेली नाही. माझ्या घरच्यांना मी डोळे मिटून चढवीन तिच्यावर.”

“हे ईमेलवर कळवाल का, साहेब? एकच ओळ.”

पलीकडे कुजबुज झाली. रेडिओला खोकला आला.

“बाई,” साहेबांचा आवाज खाली आला, “किती वर्षं झाली तुम्हाला इथं?”

“अकरा.”

“अकरा वर्षांत आपण कधी एकमेकांकडे कागद मागितला नाही. आता मागायला लागलात. दुसरी तपासनीस शोधायला मला किती वेळ लागेल, सांगू? एक फोन. चारला पाच कमी आहेत.”

कुलूपकाका छताकडे बघू लागले. डिस्पॅचवाल्याला एकाएकी बुटाची नाडी सुटल्याचं आठवलं. साक्षीदार होते, पण साक्षीदारांनाही नोकरी होती.

बाईंनी पेनचं टोपण काढलं. कागद जवळ ओढला.

“ठीक आहे, साहेब.”

“शाबास! बघा, दोन मिनिटं बोललं की सगळं सुरळीत होतं. हेच मी सोमवारपासून सांगतोय.” साहेबांचा जीव खरोखरच भांड्यात पडल्यासारखा वाटला. “बरं, ठेवण्याआधी एक बारीकसं काम. माझ्या केबिनमधली ट्यूब गेलीय. वकीलसाहेबांना... म्हणजे मला, नीट दिसत नाहीये. एक शिडी वर पाठवून द्या. मीच चढून बदलतो.”

“लगेच पाठवते. ट्रकातलीच एक उतरवून घेते.”

“नको, नको,” साहेब घाईघाईनं म्हणाले. “मागच्या वर्षातली एखादी जुनी असेल तर बघा ना.”