पांढऱ्या रविवारची तालीम

"मुद्दाम करतेय ही! माझ्याकडे बघून तोंडं वेंगाडतेय," फिलिसिता माझ्या कानाशी कुरकुरली. ऑकलंडमधल्या आमच्या सामोअन चर्चमध्ये पांढऱ्या रविवारला, म्हणजे मुलांच्या सणाला, मुलं बायबलची वचनं म्हणतात, त्याची तालीम ती घेत होती.

माझ्या नऊ वर्षांच्या ताइमानेचा डावा हात सारखा उडत होता. ओळीतली मुलं खिदळत होती.

"डॉक्टरला दाखवलंस का, सिएनी?"

"दोनदा. गुडघे दुखत होते तेव्हा पहिला म्हणाला, उंची वाढतेय. हात उडायला लागला तर दुसरी विचारते, घरात भांडणं होतात का?"

"मग नुसता आगाऊपणा आहे," फिलिसिता म्हणाली आणि ओरडली, "ए, हात खाली!"

ताइमानेने उजव्या हाताने डावा हात पोटाशी आवळून धरला. "आई, मी नाही करत. तोच करतो."

"पुरे गं तुझी नाटकं!" मीही सगळ्यांदेखत खेकसले.

मागच्या बाकावरून माझ्या सासूबाई उठल्या. पोरीचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. तो तिथेही उडतच राहिला.

"गाडी काढ, सिएनी. हिचं हृदय तपासायला सांगू."

"हृदय? आई, हात उडतोय तिचा."

"माझ्या पोराचे, सेमीसीचेही आधी गुडघे दुखले, मग हात असाच उडायला लागला. तो तापाने गेला असं मी सगळ्यांना सांगते, पण याच आजारात हृदय निकामी होऊन गेला तो. आणि त्याआधी महिनाभर, हात स्थिर ठेवत नाही म्हणून, मी त्याला झाडूने मारत होते."